कशावरून? : वाचता येणं आणि वाचलेलं कळणं

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलतानाची पुनरुक्ती काढली आहे, भाषा मात्र बोलण्याचीच ठेवली आहे.)

आज सुरुवातीलाच तुमची एक छोटी परीक्षा घेतो. घाबरू नका, मार्क सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळणार आहेत. मी एक वाक्य वाचतो, नीट ऐका.

"लोंबट गुरडात भिरकून चिमला, कारण त्याला खुपरी टेमायची होती."

आता प्रश्न. एक, लोंबट कुठे चिमला? गुरडात. दोन, तो कसा चिमला? भिरकून. तीन, तो का चिमला? कारण त्याला खुपरी टेमायची होती. झालं. तीनपैकी तीन, वर 'छान' असा लाल शेरा.

आता मला सांगा, लोंबट म्हणजे काय? प्राणी आहे, माणूस आहे की भांडं आहे? चिमणं म्हणजे झोपणं की पळणं? कुणालाच माहीत नाही, कारण हे शब्द मी आत्ता बसल्या बसल्या बनवलेत. तरी तुमची उत्तरं बरोबर आली. मराठीचं व्याकरण तुमच्या डोक्यात आधीच आहे. 'कुठे' विचारलं की 'त' प्रत्ययाचा शब्द उचलायचा, 'का' विचारलं की 'कारण'च्या पुढचं सगळं उतरवायचं. अर्थाची गरज कुठेच पडली नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, तर माझ्या भाषेत सांगतो. हे कंट्रोल-एफ आहे. शब्द शोधा, आजूबाजूचं कॉपी करा, वहीत पेस्ट करा. आपल्याकडची हजारो मुलं रोज धड्याखालचे प्रश्न अशाच पद्धतीने सोडवतात. तेव्हा आजचा विषय असा: मुलाला वाचता येतं, पण वाचलेलं कळत नाही, हे नेमकं काय असतं? ते का होतं? आणि शाळेत किंवा घरी त्यावर काय करता येतं?

हे एवढं महत्त्वाचं का आहे

मी मूळचा चांदूर बाजारचा. अमरावती जिल्हा, संत्र्याचा पट्टा, सोबतीला सोयाबीन, तूर, कपाशी. आमच्याकडे बऱ्याच घरांत मोबाईलवर आलेलं मोठं पत्रक वाचून दाखवायचं काम घरातल्या पाचवी-सहावीतल्या पोराकडे असतं. आजोबांचा चष्मा सापडत नाही, आजीला अक्षरओळख नाही, मग म्हणतात, "वाच रे बाप्पा, काय आलं त."

काही वर्षांपूर्वी पीक विम्याची सूचना आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरायची. गारपिटीने किंवा पाणी साचून पिकाचं नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, हा त्यातला मुख्य नियम. पोरगं हे वाक्य खणखणीत वाचून दाखवतं, एक मात्रा चुकत नाही. मग आजोबा विचारतात, "मंगयवारी राती नऊले पानी पडलं. मंग आपल्यापाशी कवापर्यंत टाइम हाये?" पोरगं परत तेच वाक्य वाचतं. "आबाजी, ७२ तासांच्या आत." पण कधीपर्यंत? शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्याने काढायचं असतं. वाचन असं तिथपर्यंत गेलं तरच त्याचा उपयोग, नाहीतर तो नुसता आवाज. आणि आवाज तर आता मोबाईलच काढतो. कुठलाही मराठी मजकूर तुमचा फोन वाचून दाखवतो. समजून घेणं मात्र माणसालाच करावं लागतं.

गणितातही हेच आहे. शाब्दिक उदाहरण आलं की मूल विचारतं, "बेरीज करू की वजाबाकी?" बेरीज-वजाबाकी दोन्ही येतात त्याला. अडतं ते वाचन.

गुणाकार, बेरीज नाही

१९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. ते असं: आकलन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता.

'गुणिले' हा शब्द लक्षात ठेवा. बेरीज असती तर एक बाजू कमी पडली तरी दुसरीने भरून काढली असती. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की सगळं शून्य. समजा, एका मुलाचं अक्षरवाचन १ पैकी ०.९ आहे आणि भाषेची समज ०.३. गुणाकार येतो ०.२७. दुसऱ्या मुलीचं उलटं, अक्षरवाचन ०.३ आणि भाषेची समज ०.९. गुणाकार तोच, ०.२७. परीक्षेत दोघांना सारखेच मार्क पडणार, दोघांच्या पुढे 'वाचन कच्चे' असा एकच शेरा येणार. पण दोघांचं दुखणं अगदी वेगळं आहे. एकाला मलम हवं आणि दुसरीला गोळी, आणि आपण दोघांनाही एकच औषध देतो: "अजून दहा वेळा वाच."

या दोन बाजू खरंच वेगळ्या आहेत याचं एक उदाहरण आमच्या तालुक्यातच आहे. चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे संत गुलाबराव महाराज, १८८१ ते १९१५. अगदी तान्हेपणी त्यांची दृष्टी गेली. म्हणजे छापील अक्षर उलगडणं ही बाजू त्यांच्यासाठी बंदच होती. पण त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, ऐकले, लक्षात ठेवले, त्यावर वाद घातले आणि अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून जास्त लहानमोठे ग्रंथ सांगून लिहवले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. ते असामान्य होते, हे आहेच. पण आपल्यासाठी त्यातला मुद्दा साधा आहे: भाषेची समज कानातून वाढते. मूल स्वतः वाचायला लागेपर्यंत थांबायची गरज नसते.

यावरून एक सोपी तपासणी निघते. मूल धडा वाचतं पण सांगू शकत नाही, तर तोच धडा तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि मग विचारा. ऐकल्यावर कळलं, तर अडचण अक्षरांची आहे. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण शब्दांची, संदर्भाची, भाषेची आहे. दहा मिनिटांचं काम आहे. आम्ही याला डीबगिंग म्हणतो. बग कुठे आहे ते कळल्याशिवाय कोड बदलायचा नाही.

आपली लिपी अडचण लपवते

आता थोडं देवनागरीबद्दल. इंग्रजीत २६ अक्षरं, मोठी आणि लहान. आपल्याकडे मुळाक्षरं, मग प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, मग जोडाक्षरं. एकूण आकार शेकड्यांत जातात. शिवाय गमती आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, पण उच्चार नंतर. 'पर्व' मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. कन्नडसारख्या अशाच अक्षरलिप्यांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की मुलांची अक्षरांवर पकड बसायला प्राथमिकची पुष्कळ वर्षं जातात. त्यामुळे दुसरीतलं मूल जोडाक्षराशी अडलं तर त्यात 'ढ' असण्यासारखं काही नाही. वेळ लागतोच.

पण एकदा का ही लिपी आली की आपण म्हणतो तसंच बहुतेक लिहितो. म्हणजे मुलाला अर्थ माहीत नसलेला शब्दही ते बिनचूक वाचू शकतं. 'औदासीन्य', 'पर्जन्यमान', 'संभाव्य' खडाखडा वाचेल. इंग्रजीत अनोळखी शब्दाला मूल अडखळतं आणि शिक्षकाच्या लगेच लक्षात येतं. मराठीत ते अडखळतच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय सुंदर वाचतो! आतली पाटी कोरी असू शकते हे बाहेरून दिसतच नाही.

आकडे काय सांगतात

'असर' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. प्रथम ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली, माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ती उभी केली. २००५ पासून प्रथमचे कार्यकर्ते आणि स्वयंसेवक देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना एकेकटं बसवून वाचायला देतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ च्या असरमध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के. २०२२ मध्ये, कोरोनानंतर, हेच आकडे २०.५ आणि ४२.८ होते. म्हणजे सुधारणा झाली, पण पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचं वाचता येत नाही, ही आजची स्थिती आहे.

आणि लक्षात घ्या, ही मूळ चाचणी मोठ्याने वाचण्याची आहे. सूत्रातली फक्त पहिली बाजू ती मोजते. जी मुलं यात पास झाली, त्यांतली किती समजून वाचतात हा पुढचा प्रश्न.

पहिल्या बाजूवरचा एक इलाज बऱ्यापैकी सिद्ध झालेला आहे. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे गटात बसवायचं आणि रोज थोडा वेळ त्यांच्या पातळीचंच शिकवायचं. प्रथमच्या मुंबई आणि वडोदऱ्यातल्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी रोज वेगळं घेऊन बसायची आणि मुलं पुढे सरकली. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यामागच्या कामात शिक्षणातल्या अशा प्रयोगांचा मोठा वाटा होता.

दुसऱ्या बाजूचं काय? शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा इथे पहिली ते तिसरीतल्या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला. तिथल्या वर्गांमध्ये बराचसा वेळ अक्षरं गिरवणं, फळ्यावरून उतरवणं आणि एका सुरात म्हणणं यात जात होता. मजकुराच्या अर्थावर बोलणं, मुलाला काय वाटलं हे विचारणं फार कमी होतं. समज असा की आधी सगळी अक्षरं येऊ देत, अर्थाचं नंतर बघू. पण ते 'नंतर' येईपर्यंत मुलाची पक्की समजूत झालेली असते की वाचन म्हणजे बरोबर आवाज काढणं.

बाग पांढरी झाली

आता एक छोटा उतारा ऐका. हा मी या भागासाठी लिहिलाय.

"डिसेंबरात आजोबांनी बागेचं पाणी बंद केलं. पानं मलूल झाली. मुंबईहून आलेले काका म्हणाले, 'अरेरे, झाडं गेली वाटतं!' आजोबा नुसते हसले. जानेवारीच्या शेवटी पाणी सोडलं. थोड्याच दिवसांत सगळी बाग पांढरी झाली."

अमरावतीच्या संत्रा पट्ट्यातला चौथीचा पोरगा हा उतारा चुटकीसरशी सांगेल. आंबिया बहार धरायचा म्हणून झाडाला ताण दिला, पाणी सोडल्यावर फुलं आली, संत्र्याचं फूल पांढरं असतं, आणि काकांना त्यातलं काही कळत नाही म्हणून आजोबा हसले. यातलं ताण, बहार आणि फूल हे तिन्ही शब्द उताऱ्यात नाहीत! तुमच्यापैकी जे शहरात वाढलेत त्यांना कदाचित वाटलं असेल, पांढरी म्हणजे रोग पडला की काय. शब्द तर सगळे सोपे होते. कमी पडली ती माहिती.

यावर १९८८ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार, काही कच्ची. काहींना बेसबॉल चांगला माहीत, काहींना नाही. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या बरीच पुढे गेली. म्हणजे ज्याला आपण 'वाचनात कच्चा' म्हणतो तो त्याच्या विषयात पक्का असू शकतो.

शिक्षकासाठी याचे दोन अर्थ निघतात. एक, समजून वाचायची सवय लावायची असेल तर सुरुवात मुलाच्या ओळखीच्या जगातून करा. बाग, बाजार, बैल, क्रिकेट, काहीही. दोन, तिथेच थांबू नका. परिसर, विज्ञान, इतिहास हे विषय 'वाचनाचा तास महत्त्वाचा' म्हणून कमी केले तर पुढे वाचनच अडतं, कारण पुढचे उतारे त्याच माहितीवर उभे असतात.

मले, तुले आणि शुद्ध मराठी

आता जरा नाजूक विषय. आमच्या घरात मुलं वऱ्हाडी बोलतात. शेताला वावर, कोथिंबिरीला सांबार, बटाट्याला आलू, टोमॅटोला भेदरं. 'मला' नाही, 'मले'. 'का' नाही, 'काहून'. पुस्तकात येतं, "आईने भाजीवर कोथिंबीर भुरभुरली." मूल ते वाचतं, पण त्याच्या डोळ्यांसमोर सांबार येत नाही. एक वाक्य पुरेसं असतं: "कोथिंबीर म्हणजे आपला सांबार." दोन सेकंद लागतात, आणि अख्खं चित्र उभं राहतं.

दुसरी गोष्ट उच्चाराची. वऱ्हाडीत 'ळ'चा पुष्कळदा 'य' होतो. डोळा लिहिलेलं असतं, मूल वाचतं 'डोया'. तपासणारा म्हणतो, चूक. माझं म्हणणं असं, जरा थांबा. त्या मुलाने छापलेला 'डोळा' पाहिला, त्याला अर्थ कळला आणि तो अर्थ त्याच्या तोंडून त्याच्या भाषेत बाहेर आला. अर्थ कळल्याचा इतका चांगला पुरावा दुसरा कुठला? प्रमाण उच्चार शिकवायचाच, परीक्षा आणि नोकरीसाठी तो लागतोच. पण तो बोलण्याचा तास वेगळा आणि आकलनाचा तास वेगळा. समजून घेताना मध्येच उच्चारासाठी टोकलं की मूल अर्थ सोडतं आणि आवाज सांभाळायला लागतं.

आणि ज्यांना वऱ्हाडी म्हणजे अशुद्ध वाटते त्यांच्यासाठी एक आठवण. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जातं ते लीळाचरित्र तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलं ते रिद्धपूरला. हे रिद्धपूर आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात आहे, आणि मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच सुरू झालंय. याच मातीत मराठी गद्य उभं राहिलं.

आमच्या उत्तरेला मेळघाटात तर प्रश्न अजून मोठा आहे. तिथल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कोरकू. ती मुंडा गटातली, मराठीशी तिचं नातंच नाही. तिथल्या पहिलीतल्या मुलाला मराठीचं वाक्य ऐकूनही कळत नाही. म्हणजे सूत्रातली दुसरी बाजू सुरुवातीला जवळपास शून्य. तिथे आधी बोलणं, चित्रं, गाणी आणि कोरकूचा आधार, मग अक्षरं. नुसती बाराखडी लवकर सुरू करून हे सुटत नाही.

मग करायचं काय

आता कामाचा भाग. पाच गोष्टी सांगतो. यातली एकही महाग नाही.

पहिली, वाचण्याआधी दोन मिनिटं बोला. धड्याचं नाव आणि चित्र पाहून काय असेल ते मुलांना सांगू द्या. अडतील असे दोन-तीन शब्द घरच्या भाषेत आधीच उलगडून ठेवा.

दुसरी, प्रश्न बदला. मघाच्या उताऱ्यावर चार प्रश्न बघा. पाणी कधी बंद केलं? हे लिहिलेलं आहे, कंट्रोल-एफने सापडतं. असा एखादा प्रश्न ठीक आहे. आजोबा का हसले? हे लिहिलेलं नाही, पण पुरावा आत आहे. काकांच्या घरी संत्र्याची बाग असेल का? हेही लिहिलेलं नाही, पण विचार केला तर कळतं: ताण दिलेली बाग ओळखता आली नाही म्हणजे नसणार. आणि चौथा, तू आजोबांच्या जागी असतीस तर काकांना कसं समजावलं असतंस? नियम एवढाच ठेवा: प्रत्येक धड्याला निदान एक प्रश्न असा, ज्याचं उत्तर धड्यात छापलेलं नाही, पण ज्याचा पुरावा धड्यात आहे.

तिसरी, प्रत्येक उत्तरानंतर एकच शब्द: "कशावरून?" उत्तर चूक असो की बरोबर. फक्त चुकीच्या उत्तरानंतर विचारलात तर मुलं ओळखतात की आपलं चुकलं आणि लगेच उत्तर बदलतात. माझा भाचा चौथीत आहे. पहिल्यांदा 'कशावरून' विचारलं तेव्हा वैतागून म्हणाला, "मामा, पुस्तकात लिवलंच त हाये!" मी म्हटलं, दाखव. तो शोधत बसला, सापडेना, मग त्याने पूर्ण पान परत वाचलं, या वेळी हळू. मला हवं होतं ते हेच हळू वाचणं. आमच्याच भागातले गाडगेबाबा कीर्तनात हेच करायचे. उपदेशाआधी प्रश्न, आणि उत्तर समोरच्या माणसांच्या तोंडून. पोथीची ओळ म्हणून दाखवण्यापेक्षा माणसाने स्वतः विचार करून बोलणं त्यांना मोलाचं वाटायचं.

चौथी, मुलांनाच आळीपाळीने शिक्षक करा. १९८४ मध्ये ॲनमेरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी सातवीतल्या अशा मुलांवर काम केलं, ज्यांना वाचता यायचं पण कळायचं नाही, अगदी आपलीच मुलं. छोट्या गटात एक परिच्छेद वाचायचा आणि चार कामं करायची: पुढे काय होईल याचा अंदाज, त्यावर एक प्रश्न, न कळलेल्या जागेचा उलगडा आणि थोडक्यात सारांश. आधी शिक्षक करून दाखवतो, मग प्रत्येक परिच्छेदाला एक मूल शिक्षक होतं. सुमारे २० दिवसांच्या कामात आकलनात स्पष्ट फरक दिसला. यात मुलांना एक फार मोठी गोष्ट कळते: 'मला हे कळलं नाही' असं म्हणणं हा वाचनाचाच भाग आहे.

पाचवी, मुलांना वाचून दाखवा, अगदी पाचवी-सहावीतल्यांनाही, आणि त्यांच्या स्वतःच्या वाचनाच्या एक पायरी वरचं. अक्षरांच्या सरावासाठी गट पातळीप्रमाणे करा, पण गोष्ट ऐकायला सगळे एकत्र बसवा. अक्षरांत मागे असलेली मुलगी गोष्टीवर बोलण्यात सगळ्यांच्या पुढे असू शकते, आणि ते वर्गाला दिसणं तिच्यासाठी गरजेचं आहे. साहित्य फुकट आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन मिळतात.

मोजायचं काय, यावर एक शब्द

२०२१ च्या निपुण भारत अभियानात तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह, वाचावेत असं उद्दिष्ट आहे. वेग महत्त्वाचा आहेच. एकेक अक्षर जोडत वाचलं की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. पण आमच्या क्षेत्रातला अनुभव सांगतो: जे मोजणं सोपं तेच काम होऊन बसतं. घड्याळ लावून शब्द मोजता येतात, 'अर्थासह' मोजायला बसून बोलावं लागतं. म्हणून ६० शब्द मोजणाऱ्या प्रत्येक तक्त्यात अजून एक रकाना हवा: मुलाने गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली का? हो की नाही, बस. वऱ्हाडीत सांगितली तरी 'हो'च.

आणि हो, हे सगळं शिक्षकांच्या डोक्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये. कित्येक शाळांत चार वर्गांना दोन शिक्षक असतात, त्यातला एक ऑनलाइन माहिती भरत असतो. 'सगळ्या मुलांशी बोला' म्हणणं सोपं, चाळीस मुलांत ते करणं कठीण. म्हणूनच प्रश्न बदलण्यापासून सुरुवात करा असं म्हणतोय. त्याला जास्तीचा तास लागत नाही. धडा तोच, वेळ तोच, चारातला एक प्रश्न वेगळा.

उरलेलं आपण करू शकतो. हे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात एखादा भाऊ, भाची, शेजारचं पोरगं असेलच. गावी नसाल तर व्हिडिओ कॉल आहे. या आठवड्यात एकदाच करून बघा. दहा मिनिटं. एक गोष्ट तुम्ही वाचून दाखवा किंवा त्याला वाचू द्या. पुस्तक मिटा. म्हणा, "मले सांग बरं, काय झालं?" जे येईल ते त्याच्या भाषेत येऊ द्या, मध्ये टोकू नका. मग एकच प्रश्न विचारा ज्याचं उत्तर छापलेलं नाही. आणि उत्तर आलं की विचारा, कशावरून?

मूल गप्प बसलं तर घाई करू नका, पाच-सात सेकंद थांबा. ते तेवढ्यात विचार करत असतं. काय उत्तर आलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, मुलाचं नाव न सांगता. चांगले 'कशावरून' पुढच्या भागात ऐकवीन.

चला, भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा.